ठासणीच्या बंदुकीच्या नळीत पुन्हा पुन्हा गंज का चढतो?

माडबाग:
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक आहे. रानडुकरांसाठी वर्षाकाठी पाच-सहा बार काढले जातात. बार झाला की रॉकेलात भिजवलेली चिंधी गजाने नळीतून फिरवून वर खोबरेल तेलाचा हात द्यायचा, ही वडिलांची पद्धत मी पाळतो. तरीही आचारसंहितेच्या काळात जमा केलेली बंदूक दोन महिन्यांनी परत आली, तेव्हा पहिलीच चिंधी विटकरी रंगाची निघाली. पावसाळा तोंडावर आहे. माझे काय चुकते आहे?

सह्यकडा:
आपली मेहनत कमी पडत नाही, पाणी वगळल्यामुळे ती वाया जाते आहे. बंदुकीच्या काळ्या दारूत सुमारे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असते. ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता क्षारांच्या रूपात उरतो; त्यातला काही पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो आणि बाकीचा नळीला चिकटून बसतो. हे क्षार पाण्यात सहज विरघळतात, रॉकेलात किंवा तेलात नाही. त्यामुळे वरून तेल चकाकत असले, तरी त्याखाली ते कोकणातल्या बरणीतल्या मिठासारखे पाझरत राहतात.

साफसफाईपूर्वी घोड्याखाली केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) नाही हे पाहावे. मग गज तळापर्यंत सोडून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. तो निपलच्या (केप बसते त्या भोकाच्या खुंटीच्या) दोन-तीन बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत भरलेला बार आहे असे समजून बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यावी. स्वतः उकरू नये.

नळी रिकामी असल्यास निपल काढावे, दस्त्यापासून सुटणाऱ्या नळीचे बूड साबणाच्या उकळत्या पाण्यात ठेवावे आणि घट्ट चिंधीचा गज वरखाली करावा, म्हणजे पिचकारीसारखे पाणी आत-बाहेर होते. चिंधी पांढरी निघेपर्यंत हे करून नळी पूर्ण कोरडी झाल्यावरच तेल द्यावे.

दूरदेशी:
मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे 1974 पासून चकमकीच्या, म्हणजे केपऐवजी गारगोटीने ठिणगी पाडणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा स्वतंत्र शिकारहंगाम असतो. माझ्या रायफलीच्या नळीतल्या आट्यांमध्ये (आतून कोरलेल्या पिळाच्या खाचांमध्ये) काजळी अधिकच दडते, तरी उकळत्या पाण्याशी मी सहमत नाही. तापलेल्या उघड्या लोखंडावर पाहता पाहता तांबूस झाक येते, म्हणून कोमट पाणी पुरेसे आहे. खोबरेल थंडीत गोठते. त्यापेक्षा शिवणयंत्राचे तेल बरे. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा एक चिंधी फिरवावी, कारण राहून गेलेला गंज तेव्हाच दिसतो. मात्र ठासण्यापूर्वी तेल पूर्ण पुसावे, नाहीतर तळाची दारू भिजून केप फुटते आणि बार होत नाही. तसे झाल्यास नळी किमान मिनिटभर सुरक्षित दिशेलाच रोखून धरावी, कारण बार उशिराही उडू शकतो.

माडबाग:
दोघांचेही आभार. आज कोमट पाण्यानेच नळी धुतली. इतकी वर्षे रॉकेलाने 'स्वच्छ' केलेल्या त्या नळीतून पहिले पाणी शाईसारखे काळे आले आणि पडवीभर नासक्या अंड्याचा वास सुटला. नववी चिंधी पांढरी निघाली. आता बंदूक उभी ठेवताना तोंड वर असावे की खाली?

सह्यकडा:
तेल दिल्यानंतर एक रात्र तोंड खाली, चिंधीवर टेकवून ठेवावी. एरवी तेल बुडाकडे उतरून निपलच्या भोकात आणि दस्त्याच्या लाकडात मुरते.