मदत हवी आहे: ख्रिस्ती घरातच वाढलेल्यांनी साक्ष कशी मांडावी?

सर्वांना जय ख्रिस्त. तरुण संघासाठी तीन मिनिटांच्या साक्षीचा, म्हणजे ख्रिस्तामुळे आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगण्याचा, नमुना तयार करतोय. आधार बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 26. अग्रिप्पा राजापुढे प्रेषित पौल आधीचं आयुष्य (ओवी 4 ते 11), दिमिष्काच्या वाटेवर येशूशी झालेली भेट (12 ते 18) आणि नंतरचा बदल (19 ते 23) असं क्रमाने सांगतो.

गाडी अडते पहिल्या भागात. जन्मापासून मंडळीत (चर्चमध्ये) असलेल्यांना 'आधीचं' काही सांगण्यासारखं वाटत नाही, मग पापांची यादी फुगवली जाते. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, आणि खोटेपणावर उभी साक्ष देवाचा मान कसला राखणार! पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वासही आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडूनच आला होता (2 तीमथ्य 1:5). मग अशांनी सुरुवात कुठून करावी? एखाद्या ठरावीक निर्णयापासून, की सध्या बदलत असलेल्या एका सवयीपासून, जसं की रागावल्यावर आपणहून माफी मागणं?

दुसरं, ऑफिसात जेवताना कुणी विचारलं तर 'तारण', 'अभिषेक' हे चर्चमधले शब्द टाळून 30 सेकंदांत काय सांगता? 1 पेत्र 3:15 प्रमाणे सौम्यतेने, वाद न होता. तुमची वापरातली वाक्यं जशीच्या तशी लिहा, प्लीज.