मदत हवी आहे: चार आणि नऊ वर्षांच्या मुलांना एकत्र घेऊन ईस्टरची कमी खर्चाची सजावट

नमस्कार.

यंदा, म्हणजे २०२७ मध्ये, ईस्टर २८ मार्चला, बराच लवकर येत आहे. माझ्या हाताशी साधारण तीन आठवडे आहेत आणि घराच्या सजावटीबाबत मला अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

घरात नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. विकतचे सामान न आणता, घरात आहे त्यातून किंवा टाकाऊ वस्तूंतून काय करता येईल याच्या कृती पुष्कळ सापडतात. परंतु त्यांतील बहुतेक कृती एका मुलाने टेबलाशी शांत बसून करायच्या असतात. आमच्याकडे थोरली तासभर खपून अंड्यावर नक्षी काढते, धाकटा तिला मदत म्हणून ते अंडे उचलतो, आणि मग पुढचा अर्धा तास मी दोघांची समजूत काढत बसते. धाकट्याला वेगळे काही करायला दिले, तर ते खरे काम नव्हे हे त्याला लगेच कळते. त्यामुळे खर्च हा माझा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की दोघांचेही हात लागतील आणि एकाच्या हाताने दुसऱ्याचे काम बिघडणार नाही, असे काय करता येईल?

गेल्या वर्षी काय बिघडले तेही सांगते, म्हणजे चूक दाखवणे सोपे जाईल. बिटाचे तुकडे आणि अंडी मी एकाच पातेल्यात जवळजवळ तासभर उकळली. पाणी सुरेख लालबुंद झाले होते. अंडी मात्र जुन्या पुठ्ठ्याच्या रंगाची निघाली, आणि त्यातही दोन-तीन अंड्यांवर रंग मुळीच न चढलेले डाग राहिले. दुसरा प्रयत्न फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून मोठे पोकळ अंडे करण्याचा होता. वरून कागद कडक लागला म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही फुगा फोडला, आणि ते अंडे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भिजलेल्या टोपीसारखे खाली बसले. कागदी पताकांनी तर चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही उतरवून आणला. घर भाड्याचे असल्यामुळे यंदा भिंतींना हात लावायचा नाही, हे मी ठरवून टाकले आहे.

घरात सध्या वर्तमानपत्रे, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, लोकरीचे उरलेले तुकडे, मेणाचे खडू आणि काचेच्या रिकाम्या बरण्या आहेत. रंगवलेली अंडी शक्यतो खाण्यात जावीत, टाकावी लागू नयेत, अशी इच्छा आहे. आणखी एक अपेक्षा अशी की ससे आणि पिल्ले अवश्य असोत, परंतु हा येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे मरणातून पुन्हा उठण्याचा, सण आहे हे सजावटीतील निदान एका गोष्टीतून तरी मुलांना दिसावे.

प्रतिसाद १

आपल्या बिटाचे काय झाले ते आधी सांगतो. बिटाचा रंग फार वेळ उष्णता सहन करत नाही. दीर्घकाळ उकळला की तो तपकिरीकडे झुकतो. बीट वापरायचेच असेल तर ते थोडा वेळ उकळून पाणी गाळून घ्यावे, पूर्ण गार होऊ द्यावे, कपभर पाण्याला मोठा चमचाभर व्हिनेगर घालावे आणि आधीच उकडलेली अंडी त्यात बुडवून भांडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. राहिलेले डाग बहुधा हातांच्या तेलकटपणाचे असावेत. अंडी रंगात टाकण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने हलकेच पुसून धुवावीत आणि त्यानंतर चमच्यानेच उचलावीत.

मात्र तुमच्या घरासाठी मी बिटापेक्षा कांद्याची साले सुचवीन, कारण हा रंग उकळीला घाबरत नाही. दहा-बारा कांद्यांची कोरडी साले लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळावीत, पाणी गाळून गार करावे आणि त्यातच कच्ची अंडी घालून उकडावीत; पांढऱ्या अंड्यांवर सोनेरी ते तांबूस तपकिरी रंग येतो. आता दोघांच्या हातांबद्दल. लहानसे, नक्षीदार कडांचे आणि विषारी नसलेले पान (कोथिंबिरीचेही चालते) ओले करून अंड्यावर चपटे बसवावे, त्यावर जुन्या पातळ नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून मागे दोऱ्याने घट्ट बांधावा आणि ते गाठोडे रंगात उकडावे. सोडल्यावर पानाच्या जागी फिकट ठसा राहतो, शिरांसकट. पाने निवडणे आणि ती पाण्यात बुडवून देणे हे धाकट्याचे काम, ती अंड्यावर बसवणे थोरलीचे, गाठ आणि शेगडी तुमची. धाकट्याने कोणतेही पान दिले तरी काम बिघडत नाही, आणि गाठ सुटेपर्यंत आत काय उमटले आहे हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ‘माझे चांगले, तुझे वाईट’ याला आधी वावच राहत नाही.

मेणाचे खडूही उपयोगी आहेत. उकडून गार केलेल्या अंड्यावर पांढऱ्या खडूने जोर देऊन रेघा ओढल्या की तेवढ्या जागी रंग चढत नाही. युक्रेनमधील पिसांका ही प्रसिद्ध अंडी याच तत्त्वावर होतात: मेणाने रेखाटायचे, फिकट रंगात बुडवायचे, पुन्हा मेण लावायचे, मग त्याहून गडद रंगात बुडवायचे. तुमच्या मुलीला दोन रंगांची अशी नक्षी नक्कीच जमेल. आधी हळदीचा पिवळा आणि त्यावर लाल कोबीचा निळा, असा क्रम ठेवावा. पाणी मात्र गारच हवे, कोमट रंगात मेण मऊ पडते. कोबीचे पाणी जांभळे दिसते आणि अंडे निळे निघते, हे पाहून मुले थक्क होतात. त्या रंगद्रव्याची छटा आम्लात लालसर आणि अल्कलीत निळी असते, आणि अंड्याचे कवच चुन्याचे, म्हणजे अल्कलीच्या बाजूचे असते, एवढे थोरलीला सांगायला हरकत नाही.

खाण्याची अंडी खोलीत दोन तासांहून अधिक वेळ मांडून ठेवू नयेत. एरवी ती फ्रीजमध्ये असावीत आणि उकडल्यापासून आठवड्याच्या आत संपवावीत. सतत मांडून ठेवण्यासाठी पोकळ कवचे निराळी करावी लागतात.

प्रतिसाद २

फुग्याच्या अंड्याबद्दल लिहिते, कारण माझेही पहिले असेच बसले होते. कागदाचा वरचा थर आधी कडक होतो आणि आतल्या थरांत ओल तशीच राहते. एका वेळी एकच थर द्यावा, पूर्ण दिवसभर तो वाऱ्यावर टांगून वाळवावा आणि मगच पुढचा द्यावा. तीन थर पुरतात. फुगा फोडण्यापूर्वी कागद गालाला लावून पाहावा. गार लागला तर आत ओल आहे, असे समजून आणखी एक दिवस थांबावे. चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ पुरते, एक भाग मैद्याला चार-पाच भाग पाणी. बुरशी येऊ नये म्हणून तिच्यात थोडे मीठ घालावे.

कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात आणि ते शेजारच्या पट्टीत मिसळून जातात, कापलेल्या कडेची मात्र पायरी दिसत राहते. चार वर्षांच्या मुलाला यापेक्षा योग्य काम शोधूनही सापडणार नाही: त्याचे वाकडेतिकडे फाडणेच इथे उपयोगाचे असते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे तेवढे लगेच वेचून टाकावेत, लहान मुले ते तोंडात घालतात आणि ते घशात अडकू शकतात.

प्रतिसाद ३

सणाचा अर्थ दिसावा असे आपण म्हटले आहे, म्हणून आमच्या घरची रीत सांगतो. पसरट थाळीत माती घालून एका बाजूला लहान कुंडी आडवी, अर्धी पुरून ठेवायची; ती येशूची कबर. तोंडाशी एक गोल धोंडा. मागच्या उंचवट्यावर काटक्यांचे तीन क्रूस. उरलेल्या मातीत रात्रभर भिजवलेले गहू दाट पसरून वर मातीचा पातळ थर द्यायचा. आठ-नऊ दिवसांत बोटभर हिरवळ उभी राहते, म्हणून आपण १८ मार्चच्या रात्री गहू भिजवावेत; झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार, पाम संडे), २१ तारखेला, कोंब दिसू लागतील. दिवसातून दोनदा पाणी शिंपडण्याचे काम धाकट्याकडे द्यावे. तो पेलाभर ओतेल, म्हणून त्याला फवाऱ्याची बाटली किंवा झाकणाला भोके पाडलेली बाटलीच द्यावी.

गुड फ्रायडेला, २६ तारखेला, मुले धोंडा तोंडावर लावून कबर बंद करतात. शनिवारी मुले झोपल्यावर धोंडा बाजूला करून, कबर रिकामी झाल्याची खूण म्हणून, आत पांढऱ्या कापडाची घडी ठेवायची. सकाळी उठल्याबरोबर ती कोठे धावतात ते मी सांगायला नको.

प्रतिसाद ४

भिंती वाचवायच्या असतील तर सगळे फांदीवर न्यावे. एखादी पडलेली वाळकी फांदी बरणीत खडे भरून उभी करावी आणि तिच्यावर पोकळ अंडी टांगावीत. जर्मनीत अशा ईस्टरच्या झाडाची जुनी प्रथा आहे. कच्च्या अंड्याच्या दोन्ही टोकांना सुईने भोक पाडावे, खालचे थोडे मोठे करावे, आतील बलक सुईने मोडावा आणि वरून हवा भरून आतले सारे वाटीत काढावे. कच्चे अंडे तोंडाला लावणे टाळावे, रबरी पिचकारीने हवा भरावी. वाटीतले लगेच शिजवून खावे; कवचे साबणाच्या पाण्याने आतूनबाहेरून धुऊन वाळवावीत. पुठ्ठ्याच्या ट्रेचे खळगे पाकळ्यांसारखे कापले की त्याच फांदीसाठी फुले होतात, आणि ती चार वर्षांच्या मुलाने पिवळी रंगवली काय किंवा निळी रंगवली काय, फुलेच दिसतात.

घरात मांजर असल्यास लिलीची खरी फुले आणू नयेत, तिचे परागकणसुद्धा मांजरांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. कागदाची लिली चालेल. आणि एवढे केलेले सोमवारी उतरवण्याची घाई करू नका. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत) पन्नास दिवसांचा असतो.

मूळ लेखिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मांजर नाही. फुग्याचे काम या शनिवारी सुरू करते, फांदी मिळाली आहे, आणि गव्हाची तारीख फ्रीजवर लिहून लावली आहे.

काल कांद्याच्या सालांत दोन अंडी करून पाहिली. थोरलीच्या अंड्यावर कोथिंबिरीचे पान देठापर्यंत स्वच्छ उमटले. दुसऱ्याचा मोजा मी सैल बांधला होता, त्यामुळे पान सरकले आणि एक धूसर डाग तेवढा राहिला. धाकट्याने तो ढग आहे असे जाहीर करून ते अंडे ताब्यात घेतले. रडारड झाली नाही. ते अंडे आता फ्रीजमध्ये आहे आणि ते कोणीही खाऊ नये अशी त्याची सक्त ताकीद आहे. आठवड्याची मुदत शुक्रवारी संपते. पुढच्या वेळी त्याच्यासाठी एक पोकळ कवच आधीच करून ठेवीन, परंतु या एका अंड्याचे काय करावे, हे कोणी सुचवू शकेल काय?