सेट, रन, बार : अर्थांची यादी पाठ करून घ्यायची की शब्दाची सोबत शिकवायची?

खानापूरचा मास्तर

आपल्या बेळगाव भागातल्या मराठी शाळांतल्या आठवी-नववीच्या वह्यांत एक ओळ हमखास सापडते : 'सेट = मांडणे, बसवणे, मावळणे, संच.' मुलं ती घडाघडा म्हणतात. मग 'द कर्ड हॅज सेट' हे वाक्य दिलं की उत्तर येतं, 'दही मांडलं आहे'.

ही यादी बंद करावी, असं माझं ठाम मत आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वात लांब नोंद इंग्रजीतल्या या तीन अक्षरी 'सेट'चीच होती. क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ आणि 60,000 शब्दांचा मजकूर. पुढच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं, क्रियापद म्हणून 645 अर्थ. यातले चार निवडून पाठ केले तरी पाचवा पेपरात येणारच.

खरं तर मुलाला हे सगळं घरातूनच माहीत असतं. दही लागतं, आग लागते, गजर लावतात. 'द कर्ड सेट', 'सेट फायर', 'सेट द अलार्म' या तिन्ही ठिकाणी आपलं एकच क्रियापद पुरतं. 'रन'चंही तसंच. पोरं 'धावणे' एवढंच धरून बसतात आणि 'ही रन्स अ हॉटेल'चं 'तो हॉटेल धावतो' करतात. तिथं 'चालणे' आणा. बस चालते, दुकान चालतं, मशीन चालतं. निम्मा 'रन' तिथंच सुटला.

पद्धत अशी ठेवावी. आठवड्याला 3 शब्द, प्रत्येकाला वहीचं एक पान. पानावर अर्थ लिहायचाच नाही, शब्द आणि त्याचा सोबती अशा 5 जोड्या लिहायच्या : सेट फायर, सेट द अलार्म, सेट अ डेट, द सन सेट, द सिमेंट सेट. समोर आपण घरी जसं बोलतो तसं पूर्ण मराठी वाक्य. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने तीच वाक्यं मधला शब्द गाळून भरायला द्यायची. पहिल्याच दिवशी दहा जोड्या दिल्या तर त्या जोड्यांचीही यादीच होते, हे मात्र सांभाळावं.

शहापूरच्या बाई

मास्तर, तळमळ पटते, पद्धत पटत नाही. 'सेट म्हणजे लावणे' हे पोराच्या डोक्यात एकदा बसलं की ते उलटं धावतं. मराठीत आपण तेल लावतो, दिवा लावतो, झाड लावतो, दार लावतो. इंग्रजीत यातल्या एकालाही 'सेट' चालत नाही. तेलाला अप्लाय, दिव्याला लाइट, झाडाला प्लँट, दाराला शट. तुमच्या पद्धतीने शिकलेलं पोर निबंधात 'सेट द डोअर' लिहिणार, आणि ती चूक यादीवाल्या पोराच्या चुकीपेक्षा चिवट असते, कारण तिच्या मागे आईची भाषा उभी असते.

दुसरं म्हणजे वेळ. आपल्या मुलांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा, तीन लिप्या. आठवड्याला 3 शब्द म्हणजे 30 आठवड्यांत 90 शब्द. तेवढ्यात चांगली निवडलेली यादी 300 शब्दांना पुरते. कच्च्या पोराला निदान हातात धरायला काहीतरी मिळतं.

उद्यमबाग फिटर

यादीने कामावर काय होतं ते सांगतो. आयटीआयमधून आलेल्या पोराला 'टॅप' म्हणजे 'नळ' आणि 'हलकेच ठोकणे' एवढं येतं. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, एम 8 चं, म्हणजे 8 मिमीच्या बोल्टचं टॅपिंग. इथं टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. एम 8 ला, म्हणजे 1.25 पिचला (दोन आट्यांतलं अंतर 1.25 मिमी), आधी 6.8 मिमीचं ड्रिल मारायचं. 'एम 8 आहे' म्हणून 8 चं ड्रिल मारलं की संपलं, आटे पडायला धातूच उरत नाही. हँड टॅप तीनच्या संचात येतो, तो क्रमाने वापरायचा, आणि साधारण अर्धा फेरा पुढे गेलं की थोडा मागे घ्यायचा म्हणजे चीप, म्हणजे धातूचा कीस, तुटते. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात चीप साचली तर टॅप आतच मोडतो. त्याच आवारात भट्टीवाला 'टॅप' म्हणतो तेव्हा त्याला भट्टीतून वितळलेलं लोखंड काढायचं असतं.

'रन-आऊट' तर बघाच. लेथवर रन-आऊट म्हणजे फिरणारा जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, किती डगमगतो ते, डायल गेजवर मोजायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामात, रन-आऊट म्हणजे साच्याच्या पेट्यांवर वजन किंवा क्लॅम्प कमी पडून सांध्यातून लोखंड बाहेर फुटणं. पोराला क्रिकेटचा तेवढा माहीत.

म्हणून मी मास्तरांच्या बाजूचा. शब्दाबरोबर जागा शिकवा. कुठल्या खात्यात आहोत हे कळलं की अर्थ आपोआप कळतो.

निपाणीचा कोशवाचक

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, कारण दोघं दोन निराळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारताहेत.

काही शब्द एकाच मुळाचे असतात. 'बार' घ्या. मूळ आडवा दांडा. कोर्टात तो कठडा झाला, कठड्याशी उभे राहणारे वकील 'बार' झाले. गुत्त्यात तो आडवा ओटा झाला, मग गुत्त्याचंच नाव पडलं. साबणाची लांबट वडीही बारच. इथं एक चित्र काढून पाचही अर्थ बांधता येतात, यादीची गरज नाही.

पण काही शब्द नुसते दिसायला सारखे. 'फॅन'मधला पंखा लॅटिनमधल्या पाखडायच्या सुपावरून आला, नटाचा 'फॅन' 'फनॅटिक'चा तुकडा आहे. लिहायचं 'पेन' लॅटिनमधल्या पिसावरून आणि जनावरांचं 'पेन', म्हणजे कोंडवाडा, जुन्या इंग्रजीतला. कानाचा 'इयर' आणि कणसाचा 'इयर' यांचंही नातं नाही. ज्वारीवरच्या किडीच्या पत्रकात 'इयरहेड' आलं की पोरगं कान शोधतं. अशा शब्दांना सोबतीचं चित्र जोडायला गेलं की खोटी व्युत्पत्ती तयार होते. इथं बाईंची यादीच बरी, प्रत्येक अर्थाला स्वतंत्र आकडा देऊन.

चांगला कोश हे वेगळेपण दाखवतो : मूळ वेगळं असेल तर शब्दाला वर बारीक 1, 2 टाकून नोंदच दुसरी करतो. कोशांचा क्रम मात्र तपासून घ्या. मेरियम-वेबस्टर जुना अर्थ आधी देतो, विद्यार्थ्यांचे कोश बहुधा रोजच्या वापरातला आधी. पहिल्या कोशातला पहिला अर्थ उचलून फळ्यावर लिहिला तर मुलांना आज फारसं कुणी न वापरणारा अर्थ मिळू शकतो.

उद्यमबाग फिटर

बारचा दांडा हायड्रॉलिक्समध्ये मोडतो, साहेब. प्रेशर गेजवर लिहिलेला बार दांड्यावरून नाही, ग्रीकमधल्या 'वजन' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. 1 बार म्हणजे 100 किलोपास्कल, जुन्या गेजवर सुमारे 14.5 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढे पौंड. तुमच्या पाच अर्थांच्या चित्राशेजारी हा सहावा वेगळ्या आकड्याने लिहा.

निपाणीचा कोशवाचक

मान्य. तो निराळाच 'बार'.

हुक्केरी-संकेश्वर

कन्नडचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या कन्नडमध्ये 'हत्तु' म्हणजे दहा, चढणे आणि आपलं लागणेसुद्धा. निद्दी हत्तितु, झोप लागली. बेंकी हत्तितु, आग लागली. 'माडाक हत्त्यान' आणि बेळगावी मराठीतलं 'करायलाय' (करतोय) हे तर अंगानेच जुळे, दोन्हीकडे चालू क्रिया दाखवायला लागणेच वापरलंय. म्हणजे या भागातलं पोर एका शब्दाचे पाच अर्थ दोन भाषांत रोज वापरतं. फलाटाला बस लागली आणि मला बस लागते, यात ते कधी गोंधळत नाही. त्याला सांगा, 'सेट' तसाच आहे. निम्मी भीती तिथंच जाते.

उच्चाराकडे मात्र लक्ष द्या. कन्नडमध्ये बॅट 'ब्याट' लिहितात, त्यामुळे कन्नड वळणाच्या कानाला बॅट आणि बेट (पैज) वेगळे ऐकायला शिकवावं लागतं. 'पुट' आणि 'बट' यांत स्वर एकच लिहितात, वाचतात निराळा. आणि 'रो' म्हणजे ओळ, पण भांडण असेल तर 'राउ'. 'सो' म्हणजे पेरणे, डुकरीण असेल तर 'साउ'. जोडी मोठ्याने वाचल्याशिवाय हे पक्कं होत नाही, लिहून तर नाहीच.

शहापूरच्या बाई

'लागणे'चं उदाहरण भीती घालवायला उत्तम, ते वर्गात घेईन. लिहिताना त्याच्यावर विसंबू नये, यावर ठाम आहे. मास्तर, मधला मार्ग हा बघा : इंग्रजीतून मराठीत येताना तुमच्या जोड्या. मराठीतून इंग्रजीत जाताना 'लावणे'चं वेगळं पान, तिथं अप्लाय, लाइट, प्लँट, शट, सेट अशी माझी यादी.

आणि व्याकरण सोडू नका. सेट, पुट, कट, लेट, हिट यांचा भूतकाळ तसाच राहतो. 'ही सेट द टेबल' हे वाक्य भूतकाळाचंच, कारण वर्तमानात 'सेट्स' आलं असतं. हा एक 'एस' बघायची सवय लावली की चूक थांबते. 'लाय'चं उलटं आहे : खोटं बोलणे असेल तर 'लाइड', आडवं होणे असेल तर 'ले'. आणि तोच 'ले' परत अंडी घालण्याचं क्रियापद. अर्थ ओळखायला तिथं रूपच मदत करतं, चित्र नाही.

खानापूरचा मास्तर

बाई, 'लावणे'चं उलटं पान घेतलं. मराठी वाक्यावरून इंग्रजी लिहून घेताना जोडीची वही बंद ठेवायची, हेही त्यात धरतो. फक्त 300 शब्दांच्या यादीला अजून माझा विरोधच आहे. त्या 300 मधले 'फॅन', 'पेन', 'इयर'सारखे वेगळ्या मुळांचे शब्द काढून द्या, तेवढे यादीने घेऊ. बाकीचे माझ्याकडे राहू द्या.

शहापूरच्या बाई

काढून देते. 'बार' दोन्हीकडे लिहिते.