मधुमेह आणि पेरिओडोंटायटिस: थीसिससाठी कोणते मार्कर ठेवावेत, कोणते काढावेत?

पेरिओ_पीजी

एमडीएस पेरिओच्या (हिरडीरोग शाखा) थीसिसची सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, द्यायची आहे. टाइप २ मधुमेह आणि पेरिओडोंटायटिस (हिरडी सुजून दाताभोवतीचं हाड झिजवणारा आजार) दोन्ही असलेले रुग्ण, प्रत्येकी ३० चे दोन गट. एका गटाला लगेच स्केलिंग-रूट प्लेनिंग (दात आणि मुळांवरचा थर खरवडून काढणं). दुसऱ्याला आधी फक्त ब्रशिंग शिकवायचं आणि तीन महिन्यांनी तीच ट्रीटमेंट द्यायची. मार्कर सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी.

सध्याची यादी: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एचएस-सीआरपी (सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन), रक्तातले आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा (सुजेचे संदेश देणारी प्रथिनं), जीसीएफमधले (दात आणि हिरडीमधल्या खाचेतला द्रव) आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा आणि एमएमपी-८, लाळेतला रेझिस्टिन. एलायझा (प्रथिन मोजायची चाचणी) किटचे भाव पाहता एवढं सगळं परवडणार नाही. काय ठेवू? आणि एचबीए१सी खाली आलंच नाही तर सगळं फुकट जाणार का?

रूट_प्लेनर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण यादी त्यावरच ठरते.

२०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक ट्रायलचा एकत्रित आढावा) ३५ अभ्यास होते. त्यांतल्या ३० अभ्यासांत ट्रीटमेंटनंतर ३-४ महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्क्यांनी कमी दिसलं. आता हिशेब करा. बदलाचं स्टँडर्ड डेव्हिएशन १ धरलं, पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) ८० टक्के आणि सिग्निफिकन्स ५ टक्के ठेवला, तर ०.४ चा फरक पकडायला एका गटात ९८ रुग्ण लागतात. ३० रुग्णांत साधारण ०.७ पेक्षा लहान फरक हाती लागत नाही. म्हणजे ट्रीटमेंट उत्तम करूनही "फरक नाही" असा निकाल येण्याची शक्यताच जास्त, आणि त्यातून काहीही सिद्ध होणार नाही. म्हणून एचबीए१सी प्रायमरी आउटकम (मुख्य निकाल) ठेवू नका. मोजा जरूर, पण सेकंडरीत टाका. प्रायमरीला जीसीएफमधला एक मार्कर घ्या, तिथे बदल मोठा असतो.

कात्री कुठे लावायची ते आता. जीसीएफमधला टीएनएफ-अल्फा काढा. त्याची पातळी इतकी कमी असते की अर्धे नमुने किटच्या डिटेक्शन लिमिटखाली (मोजता येणारी किमान पातळी) जातात आणि मग त्या शून्यांचं काय करायचं यावर परीक्षक तासभर घेतात. लाळेतला रेझिस्टिनही काढा. मधुमेहाइतकाच तो लठ्ठपणाशी आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींशी बांधलेला आहे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही. आयएल-१ बीटा आणि एमएमपी-८ ठेवा. पहिला हाड झिजवणाऱ्या साखळीतला, दुसरा न्यूट्रोफिलमधून येणारा कोलॅजेनेज, म्हणजे कोलॅजेन तोडणारं एन्झाइम. दोन्ही जीसीएफमध्ये भरपूर सापडतात.

एमएमपी-८ चं किट घेताना ते टोटल मोजतं की ॲक्टिव्ह, हे वाचून घ्या. साधी एलायझा बहुधा सुप्त आणि सक्रिय दोन्ही रूपं एकत्र धरते. माउथ रिन्सच्या चेअरसाइड टेस्टमधला २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचा कट-ऑफ ॲक्टिव्ह एमएमपी-८ साठी आहे. तो तुमच्या स्ट्रिपच्या (जीसीएफ शोषून घेणारी कागदी पट्टी) आकड्यांना लावू नका.

आणि एमएमपी मोजताय तर या काळात कोणालाही डॉक्सिसायक्लिन नको, २० मिलिग्रॅमचा डोससुद्धा नाही. तो एन्झाइमच दाबतो. मग जे उतरलं ते स्केलिंगमुळे की गोळीमुळे, कळणार नाही.

सीरम_आणि_स्ट्रिप

यादीशी सहमत. पण असे अभ्यास किटमुळे कमी आणि नमुन्यामुळे जास्त बिघडतात, म्हणून त्याबद्दल थोडं.

जीसीएफ प्रोबिंगच्या (पॉकेटची, म्हणजे दात-हिरडीमधल्या खाचेची, खोली मोजण्याच्या) आधी घ्या. प्रोब आत गेला की रक्त येतं, आणि रक्ताळलेल्या स्ट्रिपमध्ये प्लाझ्माचा आयएल-६ आणि फुटलेल्या न्यूट्रोफिलचा एमएमपी उतरतो. चार्टिंग आधी झालं असेल तर नमुना दुसऱ्या दिवशी. कॉटन रोल लावा, हिरडीच्या वरचा प्लाक हिरडीला धक्का न लावता काढा, हलकी हवा मारा. स्ट्रिप किंचित अडेल तिथपर्यंतच, १-२ मिलिमीटर, आणि ३० सेकंद. रक्त किंवा लाळ लागली तर ती स्ट्रिप टाकून द्या, "थोडंसंच आहे" म्हणून ठेवू नका. पेरिओट्रॉनवर (स्ट्रिपमधल्या द्रवाचं आकारमान मोजणारं यंत्र) लगेच वाचा. स्ट्रिप हवेत राहिली की बाष्पीभवन होतं आणि आकारमान चुकतं.

निकाल कॉन्सन्ट्रेशनमध्ये न देता ३० सेकंदांतलं एकूण प्रमाण द्या. सुजलेल्या पॉकेटमधून द्रव जास्त येतो, मार्कर त्यात पातळ होतो. ट्रीटमेंटनंतर द्रव कमी झाला की कॉन्सन्ट्रेशन उलट वाढलेलं दिसतं, आणि मग चर्चेच्या प्रकरणात भलतेच तर्क लढवावे लागतात.

एलायझाच्या प्लेटचं गणित असं: ९६ वेल (खळगे), स्टँडर्ड आणि ब्लँक दुहेरी मिळून १६. उरले ८०, म्हणजे दुहेरी ४० नमुने. तुमचे ६० रुग्ण आणि दोन भेटी, म्हणजे १२० नमुने, एका मार्करला बरोबर तीन प्लेट. त्यात कंट्रोल नमुना घातला की दोन वेल जातात, तेव्हा थोडी मोकळीक ठेवा. एका रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे नमुने एकाच प्लेटवर हवेत. आधीचे सगळे पहिल्या प्लेटवर आणि नंतरचे तिसऱ्यावर असं केलंत तर प्लेटमधला फरकच ट्रीटमेंटचा परिणाम म्हणून छापला जाईल.

स्ट्रिप २५० मायक्रोलिटर बफरमध्ये काढली तर आयएल-१ बीटाला दोन वेलचे २०० जातात. उरलेल्यात एमएमपी-८ निघतो, कारण त्याला तसंही बरंच डायल्यूशन लागतं. प्रोटिएज इनहिबिटर घाला, छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवू नका.

एचबीए१सी एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पद्धतीवर करा आणि सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) घ्या. लोहाच्या कमतरतेत साखर न वाढताही आकडा वर जातो. हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) किंवा नुकतंच रक्त दिलं-घेतलं असेल तर खाली येतो. विदर्भात, गडचिरोलीत किंवा नंदुरबारकडे अभ्यास असेल तर सिकल सेल आजार धरूनच चला. दोन्ही जनुकं सिकलची असतील तर हिमोग्लोबिन ए जवळजवळ नसतंच, मग एचबीए१सी निरर्थक. अशा रुग्णांना वगळा, नाहीतर सगळ्यांसाठीच फ्रुक्टोसामीन घ्या. ते २-३ आठवड्यांच्या साखरेचं चित्र देतं, पण अल्ब्युमिन कमी असलेल्या किडनीच्या रुग्णात फसवं ठरतं.

पेरिओ_पीजी

टीएनएफ आणि रेझिस्टिन काढले. अजून दोन शंका. सुरुवातीला एखाद्याचं सीआरपी १२ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं तर घ्यायचं का? आणि बरेच रुग्ण बीपीसाठी अम्लोडिपीनवर आहेत, त्याने काही बिघडेल का?

दुपारची_ओपीडी

सीआरपी १० च्या वर म्हणजे बहुधा सर्दी, लघवीचं इन्फेक्शन, पायाची जखम असं काहीतरी. मधुमेहींचे पाय बघायला विसरू नका. दोन आठवड्यांनी परत करा, तेव्हाही वर असेल तर कारण शोधा आणि तोवर त्यांना अभ्यासात घेऊ नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) सीआरपी खाली आणतं. म्हणून तीन महिने डोस बदललेला नसावा, आणि हेच मधुमेहाच्या औषधांनाही लागू. एचबीए१सी उतरलं ते हिरडीमुळे की फिजिशियनने मध्येच ग्लिमेपिराइड वाढवलं म्हणून, हा प्रश्न व्हायव्हात येणारच. रुग्णाच्या फिजिशियनला लेखी कळवा. साखर फार वाढली तर औषध वाढवायलाच हवं, फक्त त्याची नोंद ठेवा आणि तो रुग्ण वेगळा काढून विश्लेषण परत करा.

स्केलिंगनंतर पहिल्या आठवड्यात रक्त घेऊ नका. संपूर्ण तोंडाचं स्केलिंग एका बैठकीत केलं की २४ तासांत सीआरपी आणि आयएल-६ चढतात, मग उतरतात.

रक्तातल्या आयएल-६ वर मात्र माझा फारसा जीव नाही. वेळेप्रमाणे हलतो, पोटाच्या चरबीतूनही येतो. यकृत त्याच्याच इशाऱ्यावर सीआरपी बनवतं, आणि सीआरपी स्वस्त आहे. ठेवायचाच तर सगळ्यांचे नमुने सकाळच्या त्याच वेळेला. कमरेचा घेर मात्र नक्की मोजा, बीएमआय पुरत नाही.

एक मुद्दा सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. हॅरल्ड लो यांनी १९९३ मध्ये हिरडीच्या आजाराला मधुमेहाचं सहावं कॉम्प्लिकेशन म्हटलं, आणि ते वाक्य प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात लिहितो. पण ते साखरेकडून हिरडीकडे जाणारं आहे: साखर प्रथिनांना चिकटून एजीई बनतात, ते पेशींवरच्या रेज रिसेप्टरला धरतात, आयएल-१ बीटा आणि रँकल (हाड झिजवणाऱ्या पेशी जागवणारं प्रथिन) वाढतात, हाड झिजतं. तुमचा अभ्यास उलट दिशेचा आहे, हिरडीची सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते का हा. पहिली दिशा तपासायची तर सारख्याच पॉकेटचे, पण मधुमेह नसलेले रुग्ण लागतील. ते तुमच्याकडे नाहीत, तेव्हा त्यावर निष्कर्ष काढू नका.

खबरदारी: नमुन्यासाठी कोणालाही उपाशी बोलावू नका. एचबीए१सीला उपास लागत नाही. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरियावरचा (ग्लिमेपिराइडसारखी औषधं) रुग्ण नाश्ता करून यावा, खुर्चीवर बसवण्याआधी ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी परत मोजा.

रूट_प्लेनर

अम्लोडिपीनचं मी सांगतो. त्याने काहींची हिरडी वाढते आणि पॉकेट खोल वाटतं, पण अटॅचमेंट गेलेली नसते. म्हणून निवड पॉकेटच्या खोलीवर न करता क्लिनिकल अटॅचमेंट लॉसवर (दाताची हिरडीशी असलेली पकड किती सुटली) करा, सीईजेपासून (दाताचा वरचा भाग आणि मूळ जुळतात ती रेषा) मोजून, प्रत्येक दाताच्या सहा जागी. पेरिओडोंटायटिसच्या २०१७ च्या वर्गीकरणात स्टेज (तीव्रता) मुख्यतः त्यावर ठरते. त्याच तक्त्यात मधुमेहीचं एचबीए१सी ७ च्या खाली असेल तर ग्रेड (आजार वाढण्याचा वेग) बी, ७ किंवा वर असेल तर सी.

ट्रीटमेंट खरंच यशस्वी झाली हेही दाखवावं लागेल. २०१३ च्या अमेरिकेतल्या ५१४ रुग्णांच्या ट्रायलमध्ये एचबीए१सी हललं नाही, आणि टीकाकारांचं पहिलं बोट तिथल्या उरलेल्या प्लाक आणि ब्लीडिंगवर होतं. २०१८ मध्ये लंडनला २६४ रुग्णांवर जोरकस ट्रीटमेंट वर्षभर चालवली तेव्हा गटांत ०.६ चा फरक आला. तुमच्याकडे तीनच महिने आहेत, म्हणून प्लाक आणि ब्लीडिंग स्कोअर दर भेटीला घ्या. न वाचणारे दात बेसलाइनच्या आधीच काढून टाका, मध्ये काढलेत तर सूज त्यानेही उतरते.

तंबाखूचा प्रश्न "सिगरेट ओढता का" एवढ्यावर थांबवू नका. मशेरी लावणाऱ्या बायका "तंबाखू खात नाही" असंच सांगतात, आणि त्यांच्या मते ते खरंच असतं. मशेरी, गुटखा, खैनी नावं घेऊन विचारा. धूम्रपानाने ब्लीडिंग दबतं, मग स्कोअर छान दिसतो आणि खाली हाड जात असतं.

सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी, नंतर चालत नाही. एथिक्स कमिटी दुसऱ्या गटाच्या उशिराबद्दल विचारेल. तीन महिन्यांत कोणाला ॲब्सेस (पू साठणं) झाला तर त्याला लगेच ट्रीटमेंट देऊन अभ्यासातून बाहेर काढू, हे प्रोटोकॉलमध्येच लिहा.