१८ फुटी होडीसाठी नांगर कुठला घ्यावा? (गरवण्यासाठी, म्हणजे गळाने मासे धरण्यासाठी)

खडपातला_गोब्रा
नमस्कार मंडळी. देवगडला माझी १८ फुटी फायबरची होडी आहे, मागे ९.९ एचपीचं आउटबोर्ड. कधी एकटा कधी भावासोबत गरवायला जातो, ५-६ वाव पाण्यात, तांबोशी नि गोब्र्याच्या मागे. सध्या ५ किलोचा चार नख्यांचा लोखंडी नांगर आहे, त्याला निळी प्लॅस्टिकची दोरी थेट गाठ मारून. सकाळी मतलई (जमिनीकडचा वारा) असेपर्यंत सगळं ठीक, पण दुपारी खारा वारा सुटला की वाळूवर होडी सरकते, आणि खडपात (खडकाळ तळावर) टाकला तर उलट, असा अडकतो की दोरी कापावी लागते. दुकानदार म्हणतो १० किलोचा घे. घेऊ का? की ते डॅनफोर्थ म्हणतात तसला रुंद पात्यांचा घेऊ? बजेट फार नाही.

बंदरावरचो
रे बाबा, नांगर किती किलोचो ता मगे बघूया, आधी दोरी किती सोडतंस ता सांग.

खडपातला_गोब्रा
१५ वाव असेल. आहेच तेवढी.

बंदरावरचो
मगे सरकतलोच!

उलटा_वारा
बंदरावरचो यांनी दुखणं बरोबर पकडलंय. नांगर वजनाने धरत नाही हो, नख रुतल्यामुळे धरतो, आणि दोरी जितकी आडवी तितकं नख खाली घुसतं, दोरी उभी झाली की तेच नख उपटून निघतं. हिशोब करा: ६ वाव म्हणजे साधारण ११ मीटर, त्यात उधाणाच्या भरतीचे दोनेक मीटर धरा आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची, झाले १४. तुमचे १५ वाव म्हणजे २७ मीटर, जेमतेम दुप्पट, म्हणजे दोरी ३० अंशांत वर ओढतेय. पाचपट सोडली तर हाच कोन ११-१२ वर येतो, सातपट सोडली तर ८. वारा पडलेला असताना माणूस होडीत जागा असेल तर तिप्पट चालून जाते, पण दुपारच्या वाऱ्याला किमान पाचपट, म्हणजे ७० मीटर. होडीत १०० मीटर ठेवाच.

दुसरं, निळी दोरी बदला. ती पाण्यावर तरंगते, शेजारच्याच्या पंख्यात जाते, आणि उन्हाने दोन सीझनमध्ये भुसा होते. १२ एमएम नायलॉन घ्या, ताणली जाते त्यामुळे लाटेचा झटका नांगरापर्यंत पोचत नाही. आणि नांगर नि दोरी यांच्यामध्ये साखळी हवीच, होडीच्या लांबीएवढी.

रेवदंडा_रिटर्न
साखळीबद्दल थोडा असहमत. हाताने ओढायचं असतं हो, दिवसात आठ वेळा जागा बदलली की कंबर जाते. आमच्याकडे रायगडात तळ सगळा चिखल, कोणी साखळी लावत नाही.

उलटा_वारा
@रेवदंडा ८ एमएमची लावली तर जाईलच कंबर, मीटरला जवळपास दीड किलो पडते. ६ एमएमची ६ मीटर घ्या, सगळी मिळून ५ किलोच्या आतबाहेर. त्या १० किलोच्या नांगराचे जादा ५ किलो साखळीत घातले तर दुप्पट कामाला येतात, शिवाय खडपावर घासून दोरी तुटत नाही. चिखलाचं म्हणाल तर तिथे चार नखी नुसती ओरखडे काढते, रुंद पात्यांचा डॅनफोर्थ घाला, तो वाळू-चिखलात बसला की हलत नाही. फक्त खाडीच्या तोंडाशी ओहोटीची भरती होताना होडी फिरली की एखाद्या वेळी उपटतो नि परत रुतत नाही, तेवढं लक्ष ठेवा.

खडपातला_गोब्रा
म्हणजे मी दोन नांगर ठेवायचे?

बंदरावरचो
होय तर. वाळयेक ४-५ किलोचो पात्यांचो, आणि खडपाक वेल्डरकडसून सळयेचो करून घे. १० एमएमची सळई पाइपात घालून नखां वाकवूक सांग. अडाकलो तर होडयेच्या ओढीन नखां सरळ होतत आणि नांगर सुटता, घराक येवन परत वाकव. गेलो तरी सळयेचोच गेलो.

ओहोटीची_वाट
बंदरावरचो +१. अजून एक युक्ती, साखळी नांगराच्या वरच्या कडीला न अडकवता खाली नखांच्या बुडाशी शॅकलने (पिनवाल्या लोखंडी कडीने) लावायची, मग दांड्याला समांतर वर आणून कडीला सुतळीचे तीन-चार वेढे द्यायचे. एरवी ओढ वरून येते, अडकला की होडी बरोबर वर नेऊन दोरी आखडून बांधायची, लाटेने उचललं की सुतळी तुटते आणि नांगर बुडाकडून उलटा निघतो. पण रात्री झोपायचं असेल तर ही सुतळी नको. आणि कृपा करून अडकलेला नांगर मागच्या बाजूला बांधून रेस देऊ नका, मागची फळी आधीच इंजिनाने दबलेली असते, एक लाट आत आली की होडी बसते. नांगर कायम नाळेवरच.

रेवदंडा_रिटर्न
टाकायची पद्धत पण सांगा कोणीतरी, अर्धे लोक उचलून भिरकावतात आणि साखळीचा ढीग नांगरावरच पडतो.

उलटा_वारा
वाऱ्याला किंवा पाण्याच्या ओढीला, जे जोरात असेल त्याला तोंड करायचं, होडी थांबली की हळू सोडायचा. तळाला लागल्याचं हाताला कळतं. मग होडी मागे जाऊ द्यायची, दोरी सोडत राहायची, निम्मी गेली की एकदा खुंट्याला वेढा देऊन आखडायची, नाळ वाऱ्याकडे वळली म्हणजे धरला. उरलेली सोडा, बांधा, रिव्हर्समध्ये हलकी ओढ द्या आणि दोरीवर तळहात ठेवा. थरथर, खरखर लागली तर नांगर घसटतोय, ताणून गप्प असेल तर बसला. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवा, समजा दीपगृह आणि मागची एखादी माडी, त्या एकमेकांपासून सरकल्या की समजायचं.

माडाखाली
मालवणकडे उतरलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळावर मात्र नांगर टाकू नका, १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. वाळूचा पट्टा बघून टाका.

खडपातला_गोब्रा
सगळ्यांना धन्यवाद. १० किलोचा कॅन्सल. नायलॉन १०० मीटर, ६ एमएमची साखळी, सळईचा उद्याच सांगतो, पात्यांचा पुढच्या महिन्यात.

ओहोटीची_वाट
शॅकल गॅल्व्हनाइज्ड घे आणि पिन तारेने बांध, नाहीतर हलून हलून फिरते. आणि नाळेजवळ एक सुरी कायमची ठेव.