डिमर घेण्याआधी ट्रान्सफॉर्मर बघा

चार ५० वॅटचे १२ व्होल्ट हॅलोजन आहेत तर २०० वॅटचा साधा डिमर (उजेड कमी-जास्त करायचा स्विच) चालेल का असं विचारलंय, तर वॅट नंतर बघा, आधी वर ट्रान्सफॉर्मर (मेनची वीज १२ व्होल्टवर आणणारा) कुठला बसवलाय ते बघा. हातात घेतला की कळतं, वाइंडिंगवाला (लोखंडावर तार गुंडाळलेला) चांगलाच जड लागतो आणि इलेक्ट्रॉनिक एकदम हलका, प्लास्टिकच्या डबीतला. जड असेल तर इंडक्टिव्ह म्हणजे तारेच्या गुंडाळीचा लोड, त्याला लीडिंग एज डिमर (विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेची सुरुवात कापणारा) आणि त्यावर 'एल' अक्षर हवंच, इलेक्ट्रॉनिकला बहुतेक वेळा ट्रेलिंग एज (लाटेचा शेवट कापणारा) म्हणजे 'सी' वाला लागतो, पण ट्रान्सफॉर्मरवर काय छापलंय तेच शेवटचं माना. नुसतं 'आर' लिहिलेला बल्बवाला डिमर वाइंडिंगवर लावू नका प्लीज, माझ्याकडे तसा लावलेला, सतत घुंऽऽ आवाज यायचा आणि ट्रान्सफॉर्मर हात लावता येणार नाही इतका तापायचा.

डिमर नेहमी मेनच्या बाजूला, १२ व्होल्टच्या बाजूला नाही, तिकडे एका ५० वॅटच्या दिव्यालाच ४ अँपिअरच्या वर करंट जातो. आणि २०० वॅटला २०० चाच डिमर नको, वाइंडिंगवाला ट्रान्सफॉर्मर स्वतःही थोडी पॉवर खातो, मी ३०० च्या आतला घेणार नाही.

अजून एक, कायम मंद ठेवलेल्या हॅलोजनची काच आतून काळी पडते, अधूनमधून थोडा वेळ फुल्ल लावत जा.