सातवीपर्यंत वर्गात फळाच हवा, पॅनेल नको. पटतं का?

बजाजनगर_आई

मुलगी पाचवीत आहे. नागपुरातलीच खासगी शाळा, नाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी सगळ्या वर्गांतले फळे काढून टच पॅनेलं बसवली आणि फीच्या पावतीवर 'डिजिटल' अशी वेगळी ओळ आली. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आपल्या वेळी नव्हतं ते हिला मिळतंय, असं.

मागच्या आठवड्यात ती गृहपाठाला बसली होती. ७२४८ भागिले ६. उत्तर लिहिलं १२८. म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा १२८. मग मी शेजारी बसून बघितलं. ७ ला भाग गेला, १२ ला गेला, मग ४ खाली घेतला. चारात सहा जात नाहीत म्हटल्यावर हिनं सरळ ८ पण खाली ओढला आणि ४८ ला ८ चा भाग लावला. मधलं शून्य गायब. उत्तर १२०८ यायला हवं. "पण वर्गात येत होतं ना आई!" वर्गात कसं करता विचारलं, तर म्हणे मॅडम बोट लावतात, आकडा खाली सरकतो आणि वर शून्य हिरवं होऊन येतं. म्हणजे ते शून्य माझ्या मुलीनं आजवर स्वतः लिहिलंच नव्हतं, नुसतं येताना बघितलं होतं.

वही चाळली. तान्हा पोळा होऊन गेला तरी गणिताची अकराच पानं भरलेली.

माझं म्हणणं असं, की सातवीपर्यंत रोजचं शिकवणं खडू-फळ्यावर आणि वहीतच व्हावं. पॅनेल एका वेगळ्या खोलीत असावं, आठवड्यातून एक-दोन तास तिथे जावं. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंच्या हाताचा वेग मुलांच्या हाताच्या वेगाशी जुळतो. त्या लिहितात, थांबतात, खोडतात, आणि तेवढ्या वेळात मूल वहीत उतरवतं. पॅनेलवर सगळं तयार येतं, त्यामुळे मुलाच्या हाताला काही कामच उरत नाही.

स्वीडनसारख्या देशानं २०२३ मध्ये शाळांत छापील पुस्तकं परत आणायला पैसे दिले. त्याच वर्षी युनेस्कोच्या अहवालानं शाळेतलं तंत्रज्ञान नेमकं कोणाच्या अटींवर येतंय, हा प्रश्न विचारला. आपण पालकांनी तो विचारायला नको का?

महालचे_गणित_सर

ताई, मी ३४ वर्षं गणित शिकवलं, सगळं खडूनं. तुमच्या मुलीचं ते शून्य पॅनेलनं खाल्लेलं नाही. पाचवीच्या प्रत्येक वर्गात मी ते हरवलेलं पाहिलं आहे, पॅनेल जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून. माझ्या फळ्यावरून डोळ्यांदेखत उतरवून घेतलेलं पोर घरी जाऊन १२८ च लिहायचं.

कारण वेगळं आहे. 'भाग जात नाही, शून्य लिहा' हा नियम म्हणून शिकवला जातो. ते शून्य तिथे का बसलं, हे मुलाला कोणी सांगत नाही. घरी करून बघा. कागदाचे तुकडे घ्या, हजाराच्या ७ नोटा, शंभराच्या २, दहाच्या ४ आणि रुपयाची ८ नाणी. सहा जणांत वाटायला सांगा. एकेकाला एक हजार, उरलेल्या हजाराचे शंभर करून १२, ते दोन-दोन. आता दहाच्या चारच नोटा आहेत आणि माणसं सहा. कोणालाच दहाची नोट मिळत नाही. त्या जागेवर काय लिहायचं, हे मग मुलालाच विचारा.

वही भरत नाही ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी. त्यासाठी शाळेला धारेवर धरा.

भिवापूरचा_मास्तर

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे माझी, भिवापूर तालुक्यात. ताई, तुमचा राग समजतो, पण 'सातवीपर्यंत नको' हे वाचून मला राहवलं नाही.

पहिली ते चौथी, शिक्षक दोन. म्हणजे मी एका खोलीत तिसरी-चौथी एकदम शिकवून राहिलो. चौथीला भागाकार समजावताना तिसरी काय करते? आधी पाढे घोकायची नाहीतर खिडकीतून बैल बघायची. गावानं वर्गणी करून एक टीव्ही आणि चार टॅब घेऊन दिले. आता तिसरीची पोरं टॅबवर वजाबाकी सोडवतात, चुकलं की तिथल्या तिथं कळते, आणि मी चौथीजवळ निवांत बसतो. माझी जागा त्या टॅबनं घेतली नाही. एका माणसाला दोन ठिकाणी बसता येत नाही, ती अडचण त्यानं सोडवली.

दुसरं. आमच्या एकाही पोरानं समुद्र पाहिला नाही. पुस्तकात भरती-ओहोटीचं चित्र आहे, एकात पाणी वर, एकात खाली. दरवर्षी पोरं पाठ करायची आणि विसरायची. त्या दिवशी भरती उतरतानाचा व्हिडिओ लावला, सहा तासांचं दोन मिनिटांत. वाळूत टेकलेल्या होड्या दिसायला लागल्या तशी मागच्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली. "सर, मंग येवढं पाणी गेलं कुठी?" चंद्राची गोष्ट मी तिथून सुरू केली. सतरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला.

आणि हे माझं एकट्याचं नाही. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तो पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दल. तेही जिल्हा परिषदेचेच शिक्षक. खडू सोडला म्हणून नव्हे, पोरांपर्यंत पोचले म्हणून.

बजाजनगर_आई

सर, तुमची समुद्राची गोष्ट मी मुलीला वाचून दाखवली. तुमच्या खोलीत टॅब हवाच, मागे घेते. पण तुमच्याकडे तो टॅब तुम्ही ठरवाल तेव्हा सुरू होतो. आमच्या शाळेत पाठ कुठल्या क्रमानं जाणार, ते पॅनेलसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेलं असतं. मॅडम स्वतः मला म्हणाल्या, पाठ त्या तारखेला 'पूर्ण' दिसला नाही तर विचारणा होते. अडतीस मुलांपैकी किती जणांना कळलं, हे विचारायला जागाच नाही.

घरचं तर बोलायलाच नको. असर म्हणजे मुलांच्या शिक्षणाची देशभरातली पाहणी. तिच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. शहरात काय वेगळं असणार?

हिंगणा_रोडवाला

मी ताईंच्या बाजूनं आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एकच फोन, तो घेऊन मी एमआयडीसीत ड्युटीवर. संध्याकाळी सातला घरी आलो की दिवसभराचे व्हिडिओ बघायला दोन्ही पोरं फोनवर तुटून पडायची. मोठ्याची दहावी, म्हणून फोन त्याला. लहानी तेव्हा दुसरीत होती. आता सातवीत आहे आणि जोडाक्षर आलं की अजून अडखळते. मोठ्यानं वाचायला सांगितलं तर रडते.

तिच्या अडखळण्यावर कोणतं ॲप आहे ते सांगा. मास्तर रोज पंधरा मिनिटं शेजारी बसले असते तर झालं असतं.

सीईटीवाला_उमरेड

दादा, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण ते तंत्रज्ञान होतं म्हणून नाही झालं, पुरेसं नव्हतं म्हणून झालं. दुसरा फोन असता तर?

मी बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते, जेईई मेनही संगणकावर. आमच्याकडची एक मुलगी, अभ्यासात पहिली, सराव परीक्षेला संगणकासमोर बसली आणि तिनं पर्याय निवडायला थेट स्क्रीनला बोट लावलं. काहीच होईना. माऊस तिनं आयुष्यात हातात धरलेला नव्हता. त्या दिवशी पहिली वीस मिनिटं बाण प्रश्नावर आणण्यात गेली. शहरातल्या मुलाची ती वीस मिनिटं गणितं सोडवण्यात जातात. शाळेत संगणक नको म्हणताना या मुलीचाही विचार करा.

आणि संशोधन दोन्ही बाजूंचं सांगा. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटले, २०१२ च्या पाहणीत गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. पण दिल्लीत शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर वापरून पाहिलं, त्याचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत मुलं स्पष्ट पुढे गेली. तिथे प्रत्येक मुलाला तो खरा जिथे अडलाय तिथला प्रश्न यायचा. सहावीतला मुलगा तिसरीचं गणित विसरला असेल तर तिसरीचं. आणि रोज ४५ मिनिटं सॉफ्टवेअर, ४५ मिनिटं छोट्या गटात माणूस. ताईंच्या मुलीनं ते शून्य सोडलं, हे असल्या सॉफ्टवेअरनं पहिल्याच दिवशी पकडलं असतं. अडतीस वह्यांतून बाईंना ते पकडायला आठवडा लागेल. ताईंच्या शाळेतलं पॅनेल हे पेरूचा लॅपटॉप आहे, त्यावरून सगळ्यालाच नाही म्हणू नका.

महालचे_गणित_सर

अडतीस वह्या मी एका संध्याकाळी तपासत होतो. आठवडा का लागावा?

भिवापूरचा_मास्तर

सर, तुमच्या काळी रोज पोषण आहाराची ऑनलाइन नोंद नव्हती, आधार जुळवणी नव्हती, पोर्टलला माहिती भरणं नव्हतं. आमच्या शाळेत रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ. माझी सहकारी दुपारी फोन घेऊन तिथं उभी राहते, आणि तितका वेळ पहिली-दुसरी माझ्याकडे. आम्हाला छळणारं तंत्रज्ञान असेल तर ते हे, आणि या धाग्यावर त्याबद्दल कोणी बोलून नाही राहिलं.

स्क्रीनरीडर_नागपूर

मी जन्मापासून पाहू शकत नाही. नेहमीच्या मुलांसोबत नागपुरातल्या साध्या शाळेत शिकलो. इथे फळ्याबद्दल सगळे इतक्या प्रेमानं लिहिताय, म्हणून माझा फळा सांगतो.

बाई लिहायच्या आणि म्हणायच्या, "हे बघा, यातून हे वजा केलं, हे इकडे आलं." हे म्हणजे काय, इकडे म्हणजे कुठे, मला दहा वर्षांत कळलं नाही. खडूचा आवाज ऐकून मी फक्त किती लांब लिहिताहेत एवढं ओळखायचो. अकरावीत संगणक मिळाला आणि एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्या वर्षी मी पहिल्यांदा एक समीकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कोणाला न विचारता, तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायची गरज पडली नाही. टेबलावर डोकं ठेवून रडलो होतो.

'सातवीपर्यंत नको' हा नियम झाला तर माझ्यासारख्या मुलाची सात वर्षं जातील. त्यामुळे माझा विरोध आहे, ठाम विरोध.

बजाजनगर_आई

दादा, तुमचं दोनदा वाचलं. 'सातवीपर्यंत नको' हे शब्द मी मागे घेते. नियम म्हणून ते चूक आहेत.

काल रात्री गणित सरांनी सांगितलेल्या नोटा केल्या. जेवणाच्या टेबलावर सहा वाट्या मांडल्या. दहाच्या चार नोटा हातात घेऊन मुलगी वाट्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "कोणालाच नाही द्यायच्या, नाहीतर भांडणं होतील." मग स्वतःच पेन्सिल घेऊन शून्य लिहिलं आणि नोटा रुपयांत मोडून मागितल्या. शाळेत हे कोणी केलं असतं का, खडूनं किंवा पॅनेलनं, मला माहीत नाही.

शनिवारी पालक सभा आहे. अर्ज लिहिते आहे. एक, प्रत्येक वर्गात पॅनेलशेजारी फळा परत लावावा. दोन, पाठाचा क्रम आणि वेग वर्गातल्या मॅडमनी ठरवावा.

भिवापूरचा_मास्तर

दुसरी मागणी लाखाची. पहिलीबद्दल माझं मत अजून वेगळं आहे. फळा लावून त्यावर पॅनेलवरचंच उतरवत बसले तर काय उपयोग? मागायचंच तर रोज वहीत किती लिहून घेणार ते लेखी मागा.

हिंगणा_रोडवाला

आमच्या शाळेतही देतो हा अर्ज. मसुदा इथे टाका.

स्क्रीनरीडर_नागपूर

ताई, एक ओळ वाढवाल का? फळा असो की पॅनेल, शिक्षकांनी जे लिहितील ते लिहिता लिहिता मोठ्यानं वाचावं. 'हे' आणि 'ते' न म्हणता आकडा बोलावा. तुमच्या वर्गात आज माझ्यासारखं कोणी नसेल, तरीही.

बजाजनगर_आई

घातली. तिसरी मागणी म्हणून, तुमच्याच शब्दांत. वहीचं चौथ्या क्रमांकावर.